शकुंतलाक्का आणि काळी फरशी

बेंगळूरच्या चामराजपेटेत आमच्या रस्त्यावर येऊन शकुंतलाबाई माळवदे कुठं राहतात असं विचारलं, तर पूर्वी लोक घर दाखवायचे नाहीत. रस्त्याकडे बघायचे. “इथंच असतील की अक्का कुठंतरी,” म्हणायचे. आणि असायच्याच. दूध आणायला, कोथिंबिरीवरून हुज्जत घालायला, कुणाच्या बाळंतिणीची चौकशी करायला, नाहीतर नुसत्याच देवळासमोर होंग्याच्या झाडाखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायला. होंगे म्हणजे आपला करंज. देवळापर्यंतच्या वाटेवर त्याची मोठमोठी झाडं होती. त्यांच्या सावलीत भर उन्हाळ्यातही माणूस निवांत बसून गप्पा मारू शकायचा.

मी अक्कांच्या समोरच्या घरात राहते. शाळेत गणित शिकवते, आणि माझा स्वभाव तिरसट आहे हे सगळा रस्ता जाणतो. अक्कांचं आणि माझं पटायचं ते त्या मला भीत नव्हत्या म्हणून. “नीलिमा, तुझं तोंड म्हणजे नुसतं तिखट गं. स्वल्प गूळ खात जा,” असं त्या मला चारचौघांत सांगायच्या.

आमचा समाज शिंप्यांचा. इकडे येऊन कित्येक पिढ्या झाल्या. घरात मराठी बोलतो, बाहेर कन्नड, आणि भांडताना दोन्ही. अक्का लग्न होऊन या रस्त्यावर आल्या तेव्हा सासरचं घर माणसांनी गच्च भरलेलं होतं. अंधारं, अरुंद घर. एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. अक्कांनी तक्रार केली नाही. कामं उरकून त्या बाहेर यायला लागल्या, आणि बघता बघता रस्ताच त्यांचं घर झाला. सासू-सासरे गेले, दीर वेगळे झाले, घर रिकामं झालं, तरी ही सवय गेली नाही. “आत माझा जीव गुदमरतो,” म्हणायच्या. ऑटोत बसणं तर त्यांना मुळीच पसंत नव्हतं. मार्केट असो की डॉक्टर, अक्का पायीच.

त्यांचे यजमान मुकुंदराव. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. सिटी मार्केटजवळ त्यांचं दोरे, अस्तरं, बटणं, चेन विकायचं दुकान आहे, आणि समाजाच्या देवीच्या देवळाचे ते कार्यदर्शी, म्हणजे सेक्रेटरी, आहेत. कारभार चोख, पण एकदा मनात घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत. बायकोवर प्रेम आहे हे त्यांनी उभ्या जन्मात तोंडाने सांगितलं नसेल. त्यांचं प्रेम म्हणजे काहीतरी काम काढायचं आणि तडीस न्यायचं. अक्कांना वाकून नळाचं पाणी भरावं लागतं म्हटल्यावर त्यांनी नळच वर घेतला, आणि तो इतका वर घेतला की खाली बादली ठेवली की सगळ्या अंगणभर पाणी उडायचं.

आता आमची एक रीत सांगायला हवी. चैत्रातल्या शुक्रवारी आम्ही देवीला निववतो. बायका घरून पाण्याच्या घागरी भरून घेतात आणि भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, ओलेत्याने, अनवाणी देवळापर्यंत चालत जातात. गाभाऱ्याच्या पायऱ्यांवर पाणी ओततात, म्हणजे उन्हाचा ताप देवीला होत नाही. मग गुळाचं पानक प्यायचं, भिजवलेल्या डाळीची कोसंबरी खायची आणि घरी यायचं. वाटेत झाडावरचा कावळा घागरीत शिटला तर ती घागर बाद. पुन्हा घरी जाऊन भरून आणायची. लहानपणी आम्हाला यातच मजा वाटायची.

दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात अक्का घागर ओतून वळल्या आणि मागच्या बाईने किंकाळी फोडली. देवळाच्या फरशीवर रक्ताची पावलं उमटली होती. अक्कांच्या तळव्यात बाटलीच्या काचेचा तुकडा रुतला होता. कुठून रुतला कुणास ठाऊक, पण त्या त्यावरूनच चालत आल्या होत्या. “अय्यो, मला कळलंच नाही,” म्हणत त्या हसत होत्या. आम्ही सगळ्याजणी रस्त्याला शिव्या घालत होतो. खड्डे, खडी, काचा, मुळांनी वर आलेला फुटपाथ. कळलं कसं नाही, हा प्रश्न एकीलाही पडला नाही. शुगर तर त्यांना किती वर्षांपासून होती. गोळ्या चालू होत्या, म्हणजे झालं, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

अण्णांनी मात्र मनात घेतलं. तेव्हा आमच्या रस्त्याचं नव्याने काम निघणारच होतं. अण्णा दुकान नोकरावर टाकून पालिकेच्या कार्यालयात जाऊन बसायला लागले. देवळापर्यंतची वाट नुसती काँक्रीटची नको, तिच्यावर घडीव दगडाची गुळगुळीत फरशी हवी, बायका अनवाणी जातात, त्यांच्या पायांना खडासुद्धा टोचता कामा नये, असा त्यांचा हट्ट. दगड समाज देणार, बसवायचा त्यांनी. आणि दगड काळाच, कारण देवी काळ्या दगडाची. साहेबलोक म्हणाले, सरी, ठीक आहे, पण झाडांची मुळं फरशी उचलतील. अण्णा म्हणाले, मग झाडं काढा. तसाही कावळ्यांचा उपद्रव आहेच.

माझ्या वरच्या मजल्यावर अवधूत नावाचा पुण्याचा मुलगा भाड्याने राहतो. रस्ते आणि फुटपाथ यांचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीत आहे. त्याने जिन्यात अण्णांना गाठून सांगितलं होतं, “काका, शेड गेली तर हा स्टोन प्रचंड हीट होईल. झाडं ठेवा, नाहीतर निदान लाइट कलर तरी घ्या.” अण्णांनी त्याच्या चपलांकडे बघितलं. “तुम्ही पुण्याची मुलं, तुम्हाला अनवाणी चालायची सवय कुठली?” म्हणाले. अवधूत “ओके काका” म्हणून ऑफिसला निघून गेला. मला त्याचा अजून राग येतो. ज्याला कळतं त्याने एकदा सांगून गप्प बसायचं असतं का? दहा जणांसमोर वाद घालायला काय झालं होतं?

झाडं थंडीत पाडली. दोन दिवस करवतीचा आवाज चालला होता, आणि अक्का त्या दोन दिवसांत बाहेर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, बुंध्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, “ह्यांनी माझ्यासाठी केलंय गं. काही बोलू नकोस त्यांना.” मग फरशी बसली. दिसायला देखणी होती, खोटं कशाला बोलू. लहान मुलं तिच्यावर घसरगुंडी खेळायची. अण्णा संध्याकाळी तिच्यावरून अनवाणी चालून यायचे आणि मान डोलवायचे. संध्याकाळी, हे लक्षात घ्या.

आणि मग मागच्या वर्षीचा उन्हाळा आला. आमचं बेंगळूर म्हणजे पंख्याशिवाय झोपायचं गाव, अशी आमची ऐट. ती ऐट त्या उन्हाळ्याने पार उतरवली. माणसं भिंतींच्या सावलीला चिकटून चालत होती. ऑटोवाले दुपारी यायला नाही म्हणत होते. अशात चैत्रातला पहिला शुक्रवार आला. आम्ही घागरी घेऊन निघालो, आणि फरशीवर पहिलं पाऊल टाकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तव्यावर पाय ठेवल्यासारखं झालं. बायका पळत सुटल्या. कुणी एका पायावर नाचतंय, कुणी घागरीतलं पाणी पायावर ओतून घेतंय, कुणी चक्क गटाराच्या कडेने चालतंय. मी तर देवीची क्षमा मागून लुगड्याचा काठ तळव्याखाली घेतला.

शकुंतलाक्का मात्र मधोमध, सरळ, शांतपणे चालत होत्या. घागर हिंदकळत नव्हती. चेहऱ्यावर दुखल्याची एक रेघ नव्हती. आम्ही पायऱ्यांवर उभ्या राहून बघत होतो, आणि आमच्यातली एकजण हात जोडून म्हणाली, “ह्याला म्हणतात भक्ती.” खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. अण्णा दारात उभे होते. त्यांची छाती अभिमानाने भरून आली होती. त्यांनी दिलेल्या वाटेवरून त्यांची बायको फुलांवरून चालावं तशी येत होती. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बघा, आमच्या हिला काही होत नाही. तुम्ही आजकालच्या बायका नाजूक झाल्यात.” अक्का लाजल्या. मग परतही त्या तशाच गेल्या, सगळ्यांच्या शेवटी, रमतगमत, वाटेत दोघींशी उभं राहून बोलत.

संध्याकाळी त्यांच्या घरात फरशीवर ओली पावलं दिसली. घागरीचं पाणी असेल म्हणून अक्कांनी ती पुसून काढली. पुन्हा दिसली, पुन्हा पुसली. दुसऱ्या दिवशी मी कढीपत्ता मागायला गेले तेव्हा मला वास आला. “अक्का, पाय दाखवा,” म्हटलं. “काय झालंय माझ्या पायाला?” म्हणत त्यांनी पाय वर केला. तळव्याची कातडी सुटून लोंबत होती.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने अक्कांना डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनच्या एका जाड दोऱ्याचं टोक तळव्यावर ठिकठिकाणी टेकवलं. “कळलं की सांगा.” अक्का डोळे मिटून बसल्या होत्या. डॉक्टरने बोटांना टेकवलं, चवड्याला टेकवलं, टाचेला टेकवलं. अक्का थोड्या वेळाने म्हणाल्या, “डॉक्टर, सुरू करा ना.” अण्णांनी तोंड फिरवलं.

शुगरने पायांच्या नसा कधीच्या गेल्या होत्या. डॉक्टरने विचारलं, यापूर्वी असं कधी झालं होतं का, लागलं आणि कळलं नाही? आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. काचेचा तुकडा. त्या दिवशीच डॉक्टरकडे नेलं असतं तर कळलं असतं. आम्ही रस्ता दुरुस्त करत बसलो.

उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. जखम महिनोन् महिने भरत नव्हती. मुलगी शिल्पाश्री शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला राहते, ती त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. मी एकदा भेटायला गेले होते. त्यांच्या इमारतीच्या आवारात झाडंच झाडं, चालायला मऊ लाल पट्टी, बसायला बाक, पाण्याची कारंजी. गेटच्या बाहेर मात्र नुसता धुरळा, बस थांब्यावर माणसं पिशव्या डोक्यावर धरून उभी. अक्का आत बाकावर बसल्या होत्या, एकट्या. “छान आहे गं,” म्हणाल्या. “पण इथं कुणी कुणाला अडवत नाही. कानात वायरी घालून सगळे गोल गोल फिरतात. मला घरी ने.” शिल्पाश्री रडली, चिडली, पण शेवटी तिने आणून सोडलं.

घरी म्हणजे त्या अंधाऱ्या घरात. डॉक्टरांची सक्त ताकीद होती. अनवाणी एक पाऊल नाही, तापलेल्या जमिनीवर बूट घालूनही नाही, कारण बुटातही पाय भाजतो आणि त्यांना कळत नाही. आणि आमच्या रस्त्यावर सकाळचे दोन तास सोडले तर तापलेली नाही अशी जमीन उरलीच नव्हती. देवळासमोर बसायला जागा होती, सावली नव्हती. अक्का दारातल्या खुर्चीपर्यंत यायच्या आणि तिथून माणसं बघायच्या. पण माणसंही दुपारची त्या बाजूने जाईनाशी झाली होती. लोक मागच्या गल्लीतून जायचे, तिथं निदान एका बाजूला इमारतीची सावली पडते. अक्का दिवसेंदिवस गप्प होत गेल्या. मला तिखट म्हणायच्यासुद्धा थांबल्या.

अण्णा दुकानातून रोज वेगवेगळ्या जाडीचे दोरे खिशात घालून आणायचे. संध्याकाळी अक्कांचा पाय पुढ्यात घेऊन बसायचे आणि टोचून विचारायचे, “इथं? बरं, इथं?” नसा परत येत नाहीत असं डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं. तरी रोज. एकदा अक्का नुसत्या त्यांच्या समाधानासाठी “हो, कळलं” म्हणाल्या. अण्णांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. नेमका त्या क्षणी त्यांच्या हातातला दोरा पायाला लागलेलाच नव्हता, हे मला दिसलं आणि पुढच्याच क्षणी त्यांनाही दिसलं. त्यानंतर ते दोरे आणायचे बंद झाले.

यंदा फाल्गुनात अण्णांनी स्वतः अवधूतचं दार वाजवलं. दोघं दोन-तीन रविवार वर बसले होते. ठरलं ते असं, की वाटेच्या दोन्ही बाजूंची फरशी काढायची, तिथं माती मोकळी करून पुन्हा होंगे लावायचे, आणि झाडं मोठी होईपर्यंत वर पांढऱ्या कापडाचं छत बांधायचं. कापड अण्णा देणार. पण दगड समाजाचा, त्यामुळे समाजाची संमती हवी. आमचे अध्यक्ष सुधींद्रराव ऐकताक्षणीच म्हणाले, “देवीच्या वाटेची फरशी उखडायची? आणि तीही तुम्हीच घातलेली?” बाकीचेही माना हलवायला लागले. तेव्हा अण्णा म्हणाले, ठीक आहे, सभा बोलावतो. सभा देवळात नाही, बाहेर. दुपारी बारा वाजता. सगळ्यांनी अनवाणी यायचं, देवीच्या वाटेवर उभं राहूनच देवीच्या वाटेचं ठरवू.

देवीचं नाव घेतल्यामुळे कुणाला नाही म्हणता येईना. पुरुष जमले, चपला काढल्या. आम्ही बायका देवळाच्या पायऱ्यांवर, सावलीत. अण्णा मधोमध उभे राहिले आणि बोलायला लागले. त्यांचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत सुधींद्रराव एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. “आटपा लवकर, मुकुंदराव,” म्हणाले. दुसरे एक कडेला सरकले, मग तिसरे. थोड्या वेळाने सगळा समाज भिंतीच्या वीतभर सावलीत ओळीने उभा होता आणि अण्णा एकटेच मधे.

“माझी बायको इथून गेली,” अण्णा म्हणाले. “गेली आणि परत आली. तुम्ही सगळ्यांनी हात जोडलेत. मी छाती फुगवली. आता तुम्हाला उभं राहवत नाही ना? मग काढा ही फरशी.”

अण्णांच्या पायांची बोटं आत वळली होती, घामाने सदरा भिजला होता. मी ओरडले, “अण्णा, पुरे! बाजूला व्हा!” ते हलले नाहीत. शेवटी सुधींद्ररावांनी सावलीतूनच निकाल दिला. घागरींची वेळ दुपारची बदलून सकाळी सूर्योदयाची करू. फरशीचं पुढच्या वर्षी बघू. सगळे पटकन ‘सरी सरी’ म्हणाले आणि चपला घालून पांगले. अवधूत गुंडाळलेला नकाशा हातात धरून तसाच उभा राहिला. मग त्याने आणि मी अण्णांना दोन्ही बाजूंनी धरून घरी आणलं. त्यांना पाऊल टाकवत नव्हतं.

अक्का दारातल्या खुर्चीत होत्या. त्यांनी सगळं बघितलं होतं. “अहो, हे काय करून घेतलंत?” म्हणाल्या. अण्णा उंबऱ्यावर बसले. अक्कांनी कधी नव्हे ते नवऱ्याचा पाय दोन्ही हातांनी उचलून आपल्या मांडीवर घेतला. तळवा लालबुंद झाला होता, फोड यायला लागले होते.

“काढणार का फरशी?” अक्कांनी विचारलं.

“नाही. वेळ बदलली. सकाळची.”

“म्हणजे बाकीच्या बायकांचे पाय वाचतील,” अक्का म्हणाल्या. “दुपारी बाहेर बसायचं मात्र राहिलंच.” त्यांनी तांब्यातलं पाणी हळूहळू त्यांच्या तळव्यावर सोडलं. अण्णांनी दातांवर दात रोवले.

“दुखतंय?”

ज्या माणसाला मी आजवर कधी हुंदका देताना पाहिलं नव्हतं, तो माणूस हुंदके द्यायला लागला. “आग होतेय गं नुसती. सहन होत नाहीये.”

“बरं झालं,” अक्का म्हणाल्या.

“अक्का!” मी चिडले. “काय बोलताय तुम्ही?”

“खरंच बरं झालं गं, नीलिमा. ह्यांना कळतंय.” त्यांनी पुन्हा पाणी ओतलं. “मला त्या दिवशी एवढं दुखलं असतं, तर मी पहिल्याच पावलाला माघारी फिरले असते. दारातच ओतली असती घागर. देवी काही रागावली नसती.”

अवधूतने नकाशा टेबलावर ठेवला आणि तो मलम आणायला मेडिकलमध्ये गेला. अण्णा रडत होते, अक्का त्यांच्या पायावर पाणी ओतत होत्या. मी आत जाऊन दुसरा तांब्या भरून आणला.